रिझर्व्हचा कॉक की लुकलुकणारी कांडी?

घरात दोन मोटरसायकली होत्या. एक २०१६ची कार्ब्युरेटरवाली शंभर सीसी, दुसरी बीएस-सिक्सचे प्रदूषण-नियम आल्यानंतर घेतलेली इंजेक्शनची सव्वाशे. दोन्हींवरून कराड-चिपळूण किती फेऱ्या झाल्या त्याला गणती नाही. यंदा एक विकायची ठरली. जुनी चांगली राखलेली घ्यावी की सरळ नवी, या घोळात तुम्ही असाल तर हे वाचा.

ॲव्हरेजचं लवकर आटपतो. मेन स्टँडवर लावून, त्याच पंपावर, फुल टू फुल. शंभरवाली माझ्या हातात बासष्ट-पासष्ट देते, सव्वाशे पंचावन्नच्या आसपास. तुमचा हात जड असेल तर दोन्ही आकडे विसरा. टाक्या दोन्हींच्या दहा लिटरच्या आतबाहेर. पिकअप अर्थात सव्वाशेचा. मागे कोणी बसलं आणि डिकीऐवजी आंब्याची पेटी बांधली की घाटात तो फरक कळतो. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलशीही नवी बरी जुळवून घेते. इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी, म्हणून थोडा फटका दोघींनाही बसतो. पण नवीचा सेन्सर मिश्रण सांभाळतो, जुनीच्या कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, आहे तेवढाच राहतो. शिवाय थंडीत चोक ओढून उभं राहायला नको.

इथवर वाचून नवीच घ्यावी असं वाटेल. मलाही वाटलं होतं.

मग एकदा चिपळूणहून परत येत होतो. पोफळी सोडली तेव्हा सव्वाशेच्या पेट्रोल-मीटरवर दोन कांड्या होत्या. कुंभार्ली घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर एकच राहिली, आणि तीही लुकलुकणारी. अंधार पडत आलेला, पाऊस नुकता थांबलेला. वर हेळवाकच्या बाजूला सपाटीवर आलो तर पुन्हा दोन! चढावर टाकीतलं पेट्रोल मागे सरकतं, तरंगता फ्लोट फसतो, एवढंच. समजतं सगळं. पण लुकलुकणाऱ्या कांडीवर गाडी नेमकी किती जाईल हे मला आजतागायत कळलेलं नाही. कधी चाळीस गेली असती, कधी ऐंशी. शेवटपर्यंत नेऊन बघायचं धाडसही होत नाही, कारण इंजेक्शनच्या गाडीचा पंप टाकीतच असतो, त्याला गार ठेवतं ते पेट्रोलच. कोरडा फिरला तर खर्च काढतो.

परिणाम असा, की दोन कांड्या राहिल्या की मी पंप शोधायला लागतो. म्हणजे दहापैकी तीनेक लिटर पेट्रोल मी नुसतंच वाहून नेत होतो. उरलेल्या सातावर पावणेचारशे किलोमीटर, संपलं.

जुनीत टाकीखाली पेट्रोलचा कॉक, आणि त्याच्या टाकीत दोन नळ्या, एक उंच, एक आखूड. उंच नळी उघडी पडली की इंजिन दोनदा खोकतं. डावा हात खाली जातो, चालत्या गाडीवर कॉक रिझर्व्हला, म्हणजे आखूड नळीवर फिरतो, आणि तिथून सत्तर किलोमीटर माझे हक्काचे. त्यामुळे मी तिला बिनधास्त रिझर्व्हला लागेपर्यंत चालवतो: पाचशेच्या पुढे, मग वर ते सत्तर. कागदावर दोन्ही टाक्या सारख्याच आहेत.

कॉकचं पाप सांगायला हवं. पेट्रोल भरल्यावर तो परत ‘ऑन’ला फिरवायचा राहिला, की पुढच्या वेळी खोकला येतच नाही, गाडी थेट बंद. मी पाटणच्या अलीकडे असा एकदा अडकलो. तेव्हा गाडी डावीकडे आडवी केली, पलीकडच्या कुशीत साठलेलं वाटीभर पेट्रोल कॉकच्या बाजूला आलं, आणि पंप गाठला. तेव्हापासून झाकण लावताना हात आधी कॉकवर जातो.

तुमचं जाणं-येणं शहरातच असेल, दर दोन किलोमीटरला पंप असेल, तर यातलं काही मनावर घेऊ नका. नवी घ्या, सुखी राहाल. मी मात्र सव्वाशे विकली. घरच्यांना हा वेडेपणा वाटतो, आणि पेटी बांधून घाट चढताना कधी कधी मलाही.

जुनी बघायला जाल तेव्हा कागदपत्रांत रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं कधी संपतात ते बघाच, पण त्याआधी कॉक रिझर्व्हला फिरवून दोन मिनिटं गाडी चालू ठेवा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक हात लावताच ठिबकायला लागतो, आणि तळाचा सगळा गाळ कार्ब्युरेटरात उतरतो.