डिशवॉशरची पावडर: घरी करायची की विकत आणायची?

याचं उत्तर कृतीपेक्षा तुमच्या नळाच्या पाण्यात जास्त आहे. बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि जोरात हलवा. फेस टिकला तर पाणी मऊ. दुधाळ होऊन वर मळी तरंगली तर जड, म्हणजे क्षारांचं. मुंबई-पुण्यात धरणातून येणारं पालिकेचं पाणी बहुधा मऊ असतं, बोअरचं बहुधा जड. टँकरचं पाणी कुठून भरलं त्यावर ठरतं.

मऊ पाण्यासाठी घरची पावडर अशी: 300 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि 100 ग्रॅम सोडियम परकार्बोनेट, म्हणजे कपड्यांच्या डागांसाठी मिळणारी ऑक्सिजन ब्लीच पावडर. एका फेरीला 20 ग्रॅम, म्हणजे एवढ्यात 20 फेऱ्या. सोडा कोरडी भुकटीच घ्या. स्फटिकांच्या वजनात सुमारे 63 टक्के पाणीच असतं. खाण्याचा सोडा फारच सौम्य, त्याने तूप सुटत नाही. तो 200 अंशांवर तासभर ओव्हनमध्ये तापवला की धुण्याचा सोडा होतो. 100 ग्रॅमचा जेमतेम 63 ग्रॅम उरतो.

पावडरीत सायट्रिक ॲसिडही (लिंबूसत्व) घालतात, ते मात्र वेगळ्या डब्यात ठेवा. बहुतेकांची पावडर इथेच फसते. सोडा आणि ॲसिड एकत्र ठेवले की पावसाळी हवेत वायू सुटतो, झाकण फुगतं आणि पावडरीचा दगड होतो. 100 ग्रॅम ॲसिड साधारण 83 ग्रॅम सोडा खाऊन टाकतं, म्हणून ॲसिड वाढवून सफाई वाढत नाही. मशीन लगेच सुरू करणार असाल तेव्हाच डिटर्जंटच्या कप्प्यात पावडरीवर 4-5 ग्रॅम घाला. त्यातून तयार होणारं सायट्रेट थोडाफार कॅल्शियम धरून ठेवतं. खरा उपयोग त्याचा, फसफसण्याचा नाही.

विकतच्या पावडरीत किंवा टॅब्लेटमध्ये याखेरीज एन्झाइम, म्हणजे पिष्ट आणि प्रथिनं तोडणारे घटक असतात, आणि ते घरी करता येत नाहीत. ताटाला वाळलेला भात, परातीला चिकटलेली कणीक, अंड्याचा थर इथे फरक लगेच दिसतो. घरची पावडर वापरायची तर भांडी खरवडून लावा आणि 60-65 अंशांची फेरी निवडा. हळदीचा डाग सोड्याने आधी लाल होईल. घाबरू नका, हळदीचं कुंकू होतं तेही अशाच खाराने. प्लास्टिकच्या डब्यावर पिवळेपणा उरलाच तर डबा उन्हात ठेवा.

जड पाण्यात आम्ही घरची पावडर सुचवणार नाही. सोडा आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून खडू तयार होतो आणि पेल्यांवर पांढरट थर बसतो. विकतच्या पावडरीत तो रोखणारे घटक असतात. मशीनमधल्या, पाणी मऊ करण्यासाठीच्या मिठाच्या टाकीत डिशवॉशरचंच मीठ घाला, बारीक मीठ नको. पावडरीत मीठ मिसळण्याचा सल्लाही सोडून द्या, स्टीलवर बारीक खड्डे पडतात. भांड्यांचा द्रव साबण किंवा रिठा घातलात तर फेस दारातून बाहेर येईल. क्लोरीनचं ब्लीच ॲसिडजवळ कधीच नको, विषारी वायू सुटतो.

रिन्स एड, म्हणजे शेवटच्या धुण्यात पाणी भांड्यावर पसरून ओघळावं म्हणून घालायचा द्रव, दोन्ही पर्यायांत विकतचंच बरं. व्हिनेगर काचेवर पाणी पसरवत नाही, थेंबांचे डाग राहतात. ॲल्युमिनियमचा कुकर, पितळ आणि लोखंडी कढई दोन्हींतून बाहेर ठेवा.

मऊ पाणी आणि बहुतेक स्टीलची भांडी असतील तर रोज घरची पावडर आणि आठवड्यातून एकदा विकतची, हा मेळ आम्हाला सर्वात पटतो. महिनाभराने एक पेला उजेडात धरा. धूसर दिसला तर त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका आणि मिनिटभराने पुसा. पुसलं गेलं तर तो क्षार आहे, विकतच्या पावडरीकडे वळा. तसंच राहिलं तर काच झिजते आहे. मात्रा 15 ग्रॅमवर आणा आणि नाजूक पेले हाताने धुवा.