गवतावरचे वेक लूर: मार्च ते ऑक्टोबर वापरून झाल्यावर

पूर्व टेक्सासमधली सॅम रेबर्न आणि लेक फोर्क ही दोन तळी, लार्जमाउथ बास हा शिकारी मासा आणि पाच प्रकारचे लूर, म्हणजे गळाला लावायची खोटी आमिषं, असा हा आठ महिन्यांचा हिशोब आहे. निष्कर्ष आधीच सांगायचा तर, रंग आणि किंमत बघून लूर घेणं ही पहिली चूक. पाण्याखालच्या गवताच्या शेंड्यावर किती इंच पाणी आहे आणि ते गवत कोणतं आहे, या दोन गोष्टी कळल्या की पाचांपैकी तीन लूर आपोआप बाद होतात. उरलेल्यांत रंग निवडा हवं तर.

वेक लूर म्हणजे तरंगणारा खोटा मासा, ज्याची पुढची लिप, म्हणजे नाकाखालची पातळ पट्टी, जवळजवळ उभी असते. लिप पुढे आडवी असली की ओढल्यावर लूर खाली सूर मारतो. उभी असली की ती पाणी नुसतं ढकलते. त्यामुळे लूर बुडत नाही, पाठ पाण्याच्या पातळीला ठेवून डुलत येतो आणि मागे व्ही आकाराची रेघ पडते, दिवड पोहत गेल्यावर पडते तशी. गवतात दबा धरलेल्या बासला खालून पोट आणि ही रेघ एवढंच दिसतं. डोळे, खवले, रंगाच्या छटा ही सगळी गिऱ्हाइकासाठीची सजावट.

दोन्हीकडे ज्याच्याशी गाठ पडते ते गवत म्हणजे हायड्रिला. शाळेतलीच ती: चंचुपात्र, उपडं नरसाळं, वर परीक्षानळी आणि वर चढणारे ऑक्सिजनचे बुडबुडे. 1950 च्या दशकात मत्स्यटाक्यांच्या व्यापारातून ती फ्लोरिडात पोचली आणि तिथून दक्षिणेकडच्या राज्यांत पसरली. आपल्याकडे दक्षिण अमेरिकेची जलपर्णी आली, त्यांच्याकडे आशियातली हायड्रिला गेली, फिटंफाट. मार्च-एप्रिलमध्ये तिचे शेंडे पाण्याखाली फूट-दोन फूट असतात, जून-जुलैत पृष्ठभागाला लागतात आणि मग वर चटई होते. म्हणजे एकाच जागेवर एप्रिलमध्ये चालणारा लूर जुलैत निरुपयोगी. त्यात तळ्याची पातळी बदलते ती वेगळीच. रेबर्नची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून 164.4 फूट. रोजची पातळी इंटरनेटवर मिळते, ती बघूनच निघावं. पाणी एक फूट चढलं असेल तर मागच्या आठवड्याचा अंदाज फेकून द्यायचा.

शेंड्यावरचं पाणी डोळ्यांनी मोजू नका, नेहमी जास्त खोल वाटतं. रॉडवर टोकापासून 6 आणि 12 इंचांवर रंगीत टेपचा एकेक वेढा द्या. होडी गवतावर नेऊन टोक सरळ खाली बुडवा, गवत लागेल तिथे खूण वाचा. चार-पाच ठिकाणी करा, कारण हायड्रिला सपाट वाढत नाही, मध्ये खड्डे असतात आणि मासा बहुतेक तिथेच असतो. पोलराइज्ड चष्मा तांबूस काचेचा घ्या. सकाळच्या मंद उजेडात राखाडी काचेतून खड्डे दिसत नाहीत.

आता एकेक लूर.

आखूड, जाड पोटाचा वेक क्रँक. मॅन्सचा बेबी वन-मायनस हा यातला जुना आणि सर्वांना माहीत असलेला. एक फुटाच्या आत चालतो म्हणून हे नाव. शेंड्यावर 8 ते 12 इंच पाणी असेल तर याच्याइतका सोपा लूर नाही: फेका, रॉडचं टोक वर धरा, सावकाश गुंडाळा. पाणी साधारण 60 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे 15-16 सेल्सिअसच्या वर गेलं की चालू होतो. एप्रिल-मेमध्ये पहाटे गवताच्या कडेला शॅड या बासच्या खाद्य माशांची वीण चालते, तो याचा सर्वांत चांगला काळ. वारा मात्र याला सोसत नाही. पाण्यावर लाटा उठल्या की याची रेघ त्यांतच हरवते.

लांब, सांध्याचा वेक मिनो. कॉटन कॉर्डेलचा जॉइंटेड रेड फिन, पाच इंची. सांध्यामुळे अगदी हळू ओढला तरी शेपूट हलत राहते आणि रेघ रुंद पडते. मोठे मासे यावर जास्त आले, हे मान्य. पण मागचा तुकडा सांध्यात वळतो आणि हवेत फेकताना मागचा ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचा हुक, पुढच्या दोरीत अडकतो. उपाय साधा आहे: लूर पाण्यावर पडायच्या आधी अंगठ्याने स्पूल, म्हणजे रीलवरचा दोरीचा रूळ, हलकेच दाबा, म्हणजे दोरी ताणली जाऊन लूर सरळ होतो. ऑक्टोबरमध्ये शॅड तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यांत शिरतात तेव्हा हा पुन्हा बाहेर काढावा.

फिरत्या शेपटीचा प्लॉपर. व्हॉपर प्लॉपर 90 आणि 110 या मापांत वापरला, आकडा मिलिमीटरचा. आवाज मोठा, वाऱ्यातही मासा वर येतो. तरी गवतावर हा माझ्या यादीत खाली आहे. हा प्रकारच असा की शेपटीच्या दांड्यावर हायड्रिलाचं एक पान गुंडाळलं तरी शेपूट थांबते आणि लाकडाचा तुकडा ओढल्यासारखं होतं. गवताच्या कडेने, समांतर फेकण्यापुरता ठेवा.

मऊ रबरी टोड, उदाहरणार्थ झूमचा हॉर्नी टोड. 4/0 किंवा 5/0 मापाचा रुंद पोटाचा हुक, टोक पाठीच्या खोबणीत लपवलेलं. पाणी 2 ते 6 इंच असेल किंवा शेंडे अधूनमधून वर आले असतील तर हाच. सरळ गुंडाळला की पाय फडफडतात, थांबवला की हळूहळू बुडतो, आणि खड्ड्यावर आणून थांबवणं हीच त्याची खरी खुबी. दोन-तीन माशांनंतर नाक फाटतं. सुपरग्लूचा एक थेंब टाकून आणखी दोन मासे निघतात.

पोकळ बेडूक, स्प्रोचा ब्रॉन्झआय 65, अर्धा औंस. वर चटई झाली की दुसरा पर्यायच नाही. दोन्ही हुक पाठीला चिकटलेले, म्हणून गवतात अडकत नाही आणि त्याच कारणाने मासाही सुटतो. पक्कडीने दोन्ही टोकं जेमतेम 2 मिलिमीटर वर आणि बाहेर वाकवा, त्याहून जास्त वाकवलीत तर प्रत्येक पान उचलतो. पायांच्या झिरमिळ्या इंचभर कापा, एक बाजू किंचित आखूड, म्हणजे डावीकडे-उजवीकडे वळत चालतो. दर दहा-बारा फेकींनंतर दाबून आतलं पाणी काढा. पाणी भरलेला बेडूक मागून बुडतो, वळत नाही.

दोरीबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेक लोक लूरला दोष देतात आणि चूक दोरीत असते. दोरी तीन जातींची: फ्लुओरोकार्बनची घनता 1.78 च्या आसपास (पाण्याची 1), नायलॉनची 1.14, पीई ब्रेडची, म्हणजे प्लॅस्टिकच्या धाग्यांच्या विणलेल्या दोरीची, 0.97. म्हणजे फ्लुओरो बुडतो आणि लांब फेकीत दोरीचा पोट सुटलेला भाग लूरचं नाक खाली ओढतो. आठ इंच पाण्यावरून जायला हवा तो लूर मग गवतात रुततो. ट्रेबलवाल्या वेक लूरसाठी 15 ते 20 पाउंड ताण सोसणारा साधा नायलॉन, कोकणात ज्याला तंगूस म्हणतात तोच, सर्वांत बरा. तो थोडा ताणतो, म्हणून मासा झटका देतो तेव्हा बारीक हुक फाटून निघत नाहीत. ब्रेडच हवा असेल तर 40 पाउंडाचा घ्या आणि पुढे दोन फूट नायलॉन जोडा, नाहीतर मऊ ब्रेड पुढच्या ट्रेबलमध्ये गुंततो. बेडूक आणि टोडसाठी मात्र 50 ते 65 पाउंडाचा ब्रेड, दुसरं काही नाही. चार पाउंडाच्या माशाबरोबर सहा पाउंड गवत वर येतं.

रॉडही दोन वेगळे लागतात. वेक लूरला 7 फुटी, मधून वाकणारा, काचतंतूचा असला तर उत्तम, आणि 6:1 च्या आसपासचं रील, म्हणजे मुठीच्या एका फेऱ्यात स्पूलचे सहा. बेडकाला 7 फूट 3 इंचांच्या पुढचा कडक रॉड आणि 7:1 च्या वरचं रील, कारण मासा लागल्या क्षणी त्याचं डोकं वर काढायचं असतं. एकाच रॉडवर दोन्ही भागवण्याचा प्रयत्न केला तर दोन्हीकडचे मासे सुटतात.

विकत घेतलेला वेक लूर जसाच्या तसा गवतावर फेकू नका. पोटाच्या ट्रेबलचं जे टोक पुढे बघतं तेच गवत उचलतं. ते कटरने मुळाशी कापा. त्याने भागलं नाही तर ट्रेबलऐवजी दोन टोकांचा हुक लावा, टोकं वर, पोटाला लागून. पण वजन बिघडतं हे लक्षात ठेवा: पुढचा हुक हलका झाला की नाक वर उचललं जातं, लिपला पाणी मिळत नाही आणि जरा वेगाने ओढताच लूर कुशीवर पडतो. हुकच्या दांड्यावर शिशाच्या बारीक तारेचे तीन-चार वेढे द्या आणि बादलीत तरंगवून बघा. मूळ लूर जसा बसत होता तसाच बसला पाहिजे.

लूर एका बाजूला पळत असेल तर नाकावरची दोरीची कडी उलट बाजूला वाकवायची. होडीच्या बाजूला दहा फूट दोरीवर ओढून बघा, उजवीकडे पळतोय तर कडी डावीकडे, एका वेळी केसभर. लिपमध्ये बसवलेली कडी जोरात फिरवली तर सैल होते आणि मग लूर गेलाच. मला आलेल्या एका स्वस्त पाकिटातले दोन लूर असे पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेले. बांधताना गाठ थेट कडीवर आवळू नका. कडीत लहान गोल स्नॅप घाला किंवा फासाची सैल गाठ मारा, डुलणं मोकळं होतं.

ओढताना गवत लागलं की हात आपोआप झटका देतो. तो आवरा. झटक्याने हुक आणखी खोल जातात. गुंडाळणं थांबवा, लूर तरंगणारा आहे, दोन सेकंदांत स्वतःच सुटून वर येतो, आणि नेमकी तेव्हाच मासा झडप घालतो. नाकावर पान अडकलं असेल तर रॉडचं टोक एकदा सपकन बाजूला मारा. तरी नाही सुटलं तर ती फेक सोडून द्या, पान लटकलेल्या लूरला बास तोंड लावत नाही. हिरवी, टवटवीत हायड्रिला कटकन तुटते, तिचं एवढं दुःख नाही. मिलफॉइल नावाचं दुसरं पाणगवत चिकटतं आणि धाग्यांचं शेवाळ तर सर्वांत वाईट. शेवाळावर लिपवाला कुठलाही लूर फेकू नका, सरळ टोड बांधा.

माशाच्या झडपेने पाणी फुटलं की लगेच ओढायचं नाही, हे सगळे सांगतात, पण किती थांबायचं ते लूरवर आहे. ट्रेबलवाल्या वेक लूरला थांबायची गरजच नाही, गुंडाळत राहा, वजन जाणवलं की रॉड बाजूला वळवा. बेडकाला टोक खाली करून सैल पडलेली दोरी आवळा, मासा हाताला लागला की मगच पूर्ण ताकदीने वर. फसलेल्या फटक्यानंतर त्याच खड्ड्यात टोड टाकून बुडू द्या.

नियमांचं एवढंच: राज्यभर बासला सहसा किमान 14 इंच आणि दिवसाला 5 ही मर्यादा आहे, पण लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावा लागतो. ट्रेबल असलेल्या लूरवर आलेला मासा सोडायचा म्हणजे लांब नाकाची पक्कड आणि हुक कापायचा कटर हाताशी हवा, पेटीच्या तळाशी नको. धक्क्यावरून निघताना ट्रेबल, ट्रेलर आणि नांगराच्या दोरीवरची हिरवी तुसं काढा. हायड्रिलाच्या एका तुकड्यापासून नवं झाड होतं आणि ती बाहेर नेणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे.

महाराष्ट्रात मरळीसाठी गरवणाऱ्यांनी विचारावं असं एकच: यातलं काय कामाचं? पोकळ बेडूक आणि टोड, दोन्ही. जलपर्णीच्या कडेच्या खळग्यांत बेडूक तसाच चालतो, फक्त मरळीचं तोंड हाडाचं आणि दात बारीक, म्हणून बेडकाचं पोट लवकर भोसकतं. उघड्या ट्रेबलचा वेक लूर जलपर्णीवर नेऊ नका, पहिल्याच फेकीत गमवाल.

ठेवण्याबद्दल. मऊ टोड आणि टणक लूर एका कप्प्यात ठेवले तर टोडमधलं तेल टणक लूरचा रंग आणि प्लॅस्टिक विरघळवतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही एकमेकांना चिकटलेले मिळतात. उन्हाळ्यात पेटी गाडीच्या डिकीत ठेवली तर बेडूक चपटे होतात. फेकू नका. उकळत्या पाण्यात वीसेक सेकंद धरले की फुगून जागेवर येतात, मग लगेच गार पाण्यात टाका, आणि पायांच्या झिरमिळ्या मात्र गरम पाण्याबाहेर राहू द्या.