कादंबरी वाचण्यासाठी स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका: चार महिन्यांचा अनुभव

पुण्यात नवी पेठेतील एका अभ्यासिकेत जून महिन्यापासून मी दरमहा शुल्क भरून बसतो आहे. माझे वय ५३ आहे, त्यामुळे राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाला असलेली ३८ वर्षांची मर्यादा ओलांडून मला दीड दशक झाले, आणि ती नसती तरी मी परीक्षेच्या वाटेला गेलो नसतो. मी तेथे कादंबऱ्या वाचतो. ज्यांचे वाचन माझ्यासारखेच सुटले आहे आणि ज्यांना घरी पुस्तक उघडून बसणे जमेनासे झाले आहे, त्यांनी हा खर्च करावा की करू नये, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. अभ्यासिकेचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत. शिवाय सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या आसपास अशा जागा गल्लोगल्ली आहेत आणि ज्याने त्याने आपल्या पायाखालची निवडावी हेच सोयीचे आहे.

आधी दुखणे सांगतो. महाविद्यालयात असताना सातशे पानांची कादंबरी चार दिवसांत संपवणारा मी गेल्या पाच-सहा वर्षांत एकही पुस्तक शेवटच्या पानापर्यंत नेऊ शकलो नव्हतो. पुस्तके विकत घेणे मात्र थांबले नव्हते. जूनच्या सुरुवातीला कपाटाची खालची फळी आवरताना मोजली, तेव्हा २३ पुस्तके अशी निघाली की त्यांतील खूण, म्हणजे विजेचे बिल, पीएमपीचे तिकीट किंवा लग्नपत्रिकेचा तुकडा, पंधराव्या आणि तिसाव्या पानांच्या दरम्यान कुठेतरी अडकून पडली होती. डोळे ओळींवरून व्यवस्थित फिरत असत, पान उलटलेही जात असे, आणि पानाच्या तळाशी आल्यावर नायिकेची आई जिवंत आहे की वारली हे सांगता येत नसे. मग पुन्हा वरून सुरुवात करायची, आणि त्या दुसऱ्या फेरीत हात आपोआप खिशातल्या फोनकडे जायचा. चष्म्याचा नंबर तपासून घेतला, तो तोच होता. कार्यालयात दिवसभर विम्याच्या दाव्यांच्या फायली मी वाचतो आणि त्यांत माझी चूक क्वचितच निघते. पण फाईल वाचताना मी ठरावीक दोन-तीन गोष्टी हुडकत असतो आणि त्या मिळाल्या की पुढची फाईल ओढतो. कादंबरीकडेही मी त्याच नजरेने पाहू लागलो होतो आणि कादंबरीत हुडकण्यासारखे काही हाती लागत नव्हते.

उपाय करून झाले होते. फोनला ठरावीक वेळ कुलूप घालणारे एक ॲप घेतले, ते उघडण्याची युक्ती मला दुसऱ्याच दिवशी सापडली. पहाटे उठून वाचायचे ठरवले, तर चहाबरोबर बातम्या वाचून होत. ग्रंथालयाचे सभासदत्वही घेतले. पुण्याला ग्रंथालयांची वाण नाही, नगर वाचन मंदिर तर १८४८पासून या शहरात आहे. पण माझी अडचण पुस्तक न मिळण्याची नव्हतीच. पुस्तक घरी येई, पंधरा दिवस टीपॉयवर राही आणि दंड भरून परत जाई.

प्रवेशाचा प्रसंग थोडा गमतीचा झाला. दुसऱ्या मजल्यावर, दाराशेजारच्या छोट्या टेबलामागे बसलेल्या व्यवस्थापकाने अर्ज पुढे केला. त्यात नाव, मूळ गाव, आधार क्रमांक आणि ‘कोणत्या परीक्षेची तयारी’ असा रकाना होता. मी त्यात आडवी रेघ मारली. त्याने रेघेकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिले.

“काका, मुलासाठी घेताय का जागा?”

“नाही, मलाच बसायचं आहे. कादंबऱ्या वाचायला.”

“घरी जागा नाही का?”

घरी तीन खोल्या आहेत आणि मुलगी शिकायला बाहेरगावी असल्यामुळे त्यांतील एक रिकामीच असते, हे त्याला सांगण्याचा धीर मला झाला नाही. “घरी होत नाही,” एवढेच म्हणालो. त्यावर त्याने मान डोलावली आणि पावतीपुस्तक उघडले. हे उत्तर तो रोज ऐकत असावा.

दर असे आहेत: पूर्णवेळ जागेला महिन्याला १,४०० रुपये, सकाळ किंवा संध्याकाळ अशा अर्धवेळ जागेला ८०० रुपये, आणि ५०० रुपये अनामत, जी परत मिळते असे म्हणतात. एवढ्या पैशांत ६४ खुर्च्यांपैकी एक खुर्ची, प्लायवूडच्या आडोशाने तीन बाजूंनी बंद केलेले अडीच फुटी टेबल, डोक्यावर एक दिवा, एक प्लग, पुस्तके ठेवायला कप्पा (कुलूप आपले आपण आणायचे) आणि पाण्याचा जार एवढे मिळते. वातानुकूलन फक्त मार्च ते मे, तेही वेगळे पैसे भरून. मी संध्याकाळची अर्धवेळ जागा घेतली.

या सेवेतील खरी मोलाची वस्तू मात्र दरपत्रकात कुठेच लिहिलेली नाही. अभ्यासिकेच्या दोन खोल्या आहेत. मोठ्या खोलीत मुले फोनवर व्याख्याने ऐकत, टेलिग्रामवरच्या टिपणांवरून नोंदी करत बसतात; आतल्या छोट्या खोलीत फोन नेता येत नाही. तिच्या दाराबाहेर भिंतीला एक कापडी पडदा टांगलेला आहे आणि त्यावर खुर्चीच्या क्रमांकाचे खिसे शिवलेले आहेत. आत जाताना फोन बंद करून आपल्या क्रमांकाच्या खिशात टाकायचा. कुणी तपासत नाही, दंडही नाही. पण संध्याकाळी सातला त्या पडद्यावरचे १८ खिसे भरलेले आणि आपला एकोणिसावा तेवढा रिकामा असला, की हात कसा चालतो ते मी सांगू शकतो. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान मुलांसमोर लाज वाटण्याची सोय मला महिना आठशे रुपयांत मिळाली आणि फोनच्या कुलुपाला जे जमले नाही ते तिने केले.

पहिल्या संध्याकाळी मी पेन्सिल आणि एक कोरा कागद जवळ ठेवला होता. लक्ष पुस्तकावरून उडाले किंवा हात खिशाकडे गेला की कागदावर एक रेघ ओढायची, असे ठरवले. ५० मिनिटांत नऊ पाने झाली आणि कागदावर १९ रेघा. त्यांतल्या निम्म्याअधिक रेघा पहिल्या वीस मिनिटांतल्या होत्या. फोन दाराबाहेर होता, तरीही दोनदा मांडीपाशी तो थरथरल्याचा भास झाला आणि मी खरोखर खिसा चाचपला.

संगणकाच्या पडद्यासमोर माणसाचे लक्ष एका ठिकाणी किती वेळ टिकते याची वर्षानुवर्षे मोजणी करणाऱ्या ग्लोरिया मार्क या अमेरिकन संशोधिकेला २००४च्या सुमारास ही सरासरी अडीच मिनिटे मिळाली होती. अलीकडच्या वर्षांत ती ४७ सेकंदांपर्यंत खाली आली. माझ्या ५० मिनिटांना १९ रेघांनी भागले तर अडीच मिनिटांच्या जवळपासच आकडा येतो, म्हणजे मी २००४ साली होतो अशी स्वतःची समजूत घालून घेतली. (तिची मोजणी संगणकाच्या पडद्यावरची आहे, पुस्तकावरची नव्हे, हे माहीत असूनही.) अधिक धीर दिला तो मेरीअन वुल्फ यांच्या अनुभवाने. वाचताना मेंदूत काय घडते याचा अभ्यास हेच ज्यांचे काम, त्यांनाही तरुणपणी आवडलेली एक कादंबरी पुन्हा वाचता येईना, आणि रोज वीस मिनिटे असे बांधून घेतल्यावर साधारण दोन आठवड्यांनी जुनी लय परत आली, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. मला दोन आठवडे पुरले नाहीत. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मात्र तेवढ्याच ५० मिनिटांत २२ पाने आणि चार रेघा असा हिशेब आला, आणि त्यानंतर मी कागद ठेवणे सोडून दिले, कारण रेघ ओढण्याची आठवण ठेवणे हाच व्यत्यय होऊ लागला होता.

शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाकडून मी बरेच उचलले. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५च्या परीक्षेपासून वर्णनात्मक झाल्यामुळे पर्यायांचे गोल काळे करण्यावर आता भागत नाही. ही मुले तासन्‌तास निळ्या पेनाने उत्तरे लिहितात. हा मुलगा पुस्तक उघडण्यापूर्वी वहीच्या कोपऱ्यात वेळ लिहितो, ४० मिनिटे मान वर करत नाही, मग उठून पाण्याच्या जारपर्यंत जातो, अर्धा पेला पाणी पितो आणि परत येऊन खाली नवी वेळ लिहितो. या फेरीत तो कुणाशी बोलत नाही आणि पडद्यावरच्या खिशाकडे बघतही नाही. मी ही रीत जशीच्या तशी घेतली. त्याचेच पाहून एक आठवडा मी कादंबरीतल्या वाक्यांखाली रेघाही ओढल्या, पण पुढे त्या ओळी नंतर कुणी विचारणार आहे अशा तणावाने मी वाचतो आहे असे लक्षात आले, आणि पेन्सिल कप्प्यात गेली.

वेळेच्या बाबतीत माझी निवड चुकली. कार्यालयातून थेट येऊन सात वाजता बसले, तर पहिला अर्धा तास फायलीच डोक्यात फिरत असतात. एका कामावरून दुसऱ्याकडे वळताना पहिल्याचा काही अंश मनात शिल्लक राहतो आणि दुसरे काम बिघडवतो, हे संशोधिका सोफी लरॉय यांनी २००९मध्ये दाखवले आहे; विशेषतः पहिले काम अर्धवट सोडलेले असले की ते अधिक जाणवते. ऑगस्टमध्ये महिनाभर मी सकाळची सहा ते आठ ही वेळ मागून घेतली आणि त्या महिन्यात तीन पुस्तके संपली. संध्याकाळी महिन्याला एक संपते. नोकरी करणाऱ्याने शक्यतो सकाळच घ्यावी.

आता तक्रारी. खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत आणि तासाभरानंतर कंबर बोलू लागते. बहुतेक मुले घरून उशी आणतात, आता मीही आणतो. दिवा निळसर पांढरा आहे, परीक्षागृहात शोभतो, पण रात्री नऊपर्यंत त्याच्याखाली बसून घरी गेल्यावर लवकर झोप येत नाही. ६४ माणसांना स्वच्छतागृह एक. जुलैच्या मध्यापासून नदीपात्रात ढोल-ताशांच्या पथकांचा सराव सुरू झाला की खिडकीकडच्या ओळीत बसून कादंबरी वाचणे अशक्य होते. मुले कानात फोमचे बोळे घालतात. मला त्यात स्वतःचाच श्वास ऐकू येतो. जागा बदलून मागितली तर “गणपती होऊ द्या काका” असे उत्तर मिळाले, आणि ढोल आमच्या अभ्यासिकेच्या हातात नाहीत हे खरे असले तरी जागा बदलून देणे हातात होते. अनामत रक्कम परत मिळण्याविषयी दोन मुलांनी व्यक्त केलेली शंका मी नोंदवून ठेवतो, स्वतःचा अनुभव अजून नाही.

गुण कसा आला ते एका प्रसंगावरून सांगता येईल. सप्टेंबरमधल्या एका बुधवारी माझ्या डोक्यावरचा दिवा अचानक बंद झाला. वीज गेली असे समजून मी मान वर केली, तर व्यवस्थापक बटणापाशी उभा होता आणि खोलीत मी एकटाच होतो. नऊ वाजून गेले होते. साडेनऊला खानावळ बंद होते म्हणून मुले एकदम उठतात, १८ खुर्च्या एकाच वेळी फरशीवर घासतात आणि तो आवाज खालच्या मजल्यावरही जातो. मी तो ऐकला नव्हता. “काका, आज रंगलात,” तो म्हणाला. मी ३१२व्या पानावर होतो आणि बसलो तेव्हा २७० वर होतो.

घरी अजून इतके जमत नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तर पंधरा-वीस मिनिटे, एखादी कथा संपण्याइतकी, होतात. त्यापुढे मी पंखा, फ्रिज, दाराची घंटा असे काहीतरी ऐकू लागतो. म्हणजे वाचनाची क्षमता परत आली असे म्हणताना ती त्या खुर्चीपुरती आली आहे, हेही म्हणावे लागते. तरी चार महिन्यांत सहा पुस्तके झाली, त्यांतील पाच खालच्या फळीवरच्या २३ मधली. खर्च अनामत सोडून ३,२०० रुपये. हे पैसे मी वसूल मानतो. ज्यांना एकांत हवा म्हणून वाचन होत नाही असे वाटते, त्यांनी मात्र येथे येऊ नये; येथे एकांत अजिबात नाही, सगळे काम शेजारच्या वाकलेल्या माना करतात.

एक अडचण मी मुद्दाम शेवटी ठेवली. पूर्वपरीक्षा जवळ आल्यापासून आतल्या खोलीसाठी नावनोंदणीची यादी लागली आहे आणि तिच्यात परवा ११ नावे होती. त्यांतील एखाद्याची जागा मी कादंबरी वाचण्यासाठी अडवून बसलो आहे, हे मला रोज दिसते. महिनाभर सुट्टी घेतो, जागा कुणाला तरी द्या, असे मी व्यवस्थापकाला म्हटले. त्याने यादी पाहिली, पाच तारखेपर्यंत सांगतो म्हणाला आणि पावतीपुस्तक मिटता मिटता त्याने मला काळजी न करण्यास सांगितले: पूर्वचा निकाल लागला की आठवड्याभरात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात, तेव्हा काका, तुम्हाला खिडकीपासून लांबची जागा देऊ.