ग्लोबल नॉनव्हायलंट ॲक्शन डेटाबेस: वाचायला उत्तम, मोजताना जपून

अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजचा हा मोफत डेटाबेस २०११ साली खुला झाला. हजारावर अहिंसक लढे, प्रत्येकाची सविस्तर हकिकत आणि सोबत ठरलेले रकाने: मागण्या, नेते, साथीदार, विरोधक, दडपशाही. लढ्यात वापरलेली साधनं अहिंसक लढ्यांचे अभ्यासक जीन शार्प यांच्या १९८ पद्धतींच्या यादीप्रमाणे नोंदवलेली असल्यामुळे बहिष्कार किंवा असहकाराची उदाहरणं चटकन हाती लागतात. शोधण्यासाठी याला तोड नाही.

घोळ होतो तो मोजायला बसल्यावर. यशाचे गुण १० पैकी: मागण्यांना ६, संघटना टिकण्याला १, वाढीला ३. आता ६+१+० म्हणजे ७ आणि ३+१+३ म्हणजेही ७. पहिल्यात मागण्या पूर्ण पदरात पडल्या, दुसऱ्यात अर्ध्याच. म्हणून बेरीज उतरवूच नका, तीन वेगळे रकाने ठेवा.

दुसरा सापळा कालखंडाचा. प्रत्येक लढ्याचे सहा भाग पाडून पद्धती त्यात वाटल्या आहेत. मिठाचा सत्याग्रह १२ मार्च १९३० ते ५ मार्च १९३१, गांधी-आयर्विन करारापर्यंत धरला, तर एक भाग साधारण दोन महिन्यांचा होतो आणि अख्खी दांडीयात्रा पहिल्याच भागात मावते. सहा वर्षं चाललेल्या लढ्यात तोच भाग वर्षाचा. ‘तिसऱ्या भागात संप वाढतात’ असलं विधान त्यामुळे पोकळ ठरतं. तारखा हकिकतीतून काढून स्वतःच लावा. कंटाळवाणं काम आहे, पण सुटका नाही.

नोंदी मुख्यतः विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या, तेव्हा दर्जा कमीजास्त. लेखनाची तारीख आधी बघा, कारण नंतर काय घडलं ते नोंदीत असेलच असं नाही. गर्दीचे आकडे आयोजकांचे आणि पोलिसांचे वेगळे असतात. सरासरी न काढता किमान-कमाल दोन्ही टिपा.

नॅव्हको (NAVCO) या मोठ्या हिंसक-अहिंसक मोहिमांच्या दुसऱ्या डेटाबेसशी जोड लावायची तर आणखी जपून. त्याच्या पहिल्या आवृत्तीत १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा आहेत, हिंसक धरून. सत्तापालट, परकी ताबा हटवणं, फुटून निघणं, असलीच मोठी उद्दिष्टं आणि किमान १००० लोकांचा सहभाग ही अट. पगारवाढीचा संप तिथे सापडणारच नाही. आणि सुरू होण्याआधीच चिरडलेले लढे? ते दोन्हीकडे क्वचितच दिसतात, त्यामुळे यशाची टक्केवारी फुगते.