पीपीएसएसपीपी: गेम अडकतोय म्हणून याला शिव्या देऊ नका

पाचपैकी साडेचार स्टार. पीपीएसएसपीपी म्हणजे सोनीच्या जुन्या पीएसपी या हातात धरायच्या गेम मशीनचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा एम्युलेटर, २०१२ पासून आहे, फुकट आहे. माझा लॅपटॉप चौथ्या जनरेशनचा आय३, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, तरी गाड्यांचे गेम फुल स्पीडला पळतात.

आधी पळत नव्हते. विंडोज फॉरमॅट मारून आणलं तर आवाज फाटतोय, गाडी बैलगाडी झालेली, मित्र म्हणे "भो, तुना लॅपटॉप म्हतारा व्हयी गया". मग एम्युलेटरमधलंच सिस्टीम इन्फर्मेशन उघडलं तर जीपीयूच्या (चित्र काढणारी चिप) जागी इंटेलचं नावच नाही, बेसिक रेंडर ड्रायव्हर! म्हणजे दुकानवाल्याने ग्राफिकचा ड्रायव्हर (विंडोजला ती चिप वापरता येते ते सॉफ्टवेअर) टाकलाच नव्हता आणि सगळं चित्र बिचारा सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर काढत होता. ड्रायव्हर टाकला, विषय संपला. हे एक पान मला अख्ख्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात भारी वाटतं.

उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) तेच रडगाणं पण कारण वेगळं. तिथे नाव दिसलं एलएलव्हीएमपाइप, हे सीपीयूवरच चित्र काढणारं सॉफ्टवेअर, दिसलं की समजायचं जीपीयू झोपलाय. लिनक्समध्ये इंटेलचा ड्रायव्हर आधीच असतो, मग झोपला का? तर इन्स्टॉलच्या वेळी काळी स्क्रीन येत होती म्हणून भाच्याने ग्रबमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना लिनक्स उचलणारा प्रोग्राम) नोमोडसेट हा ग्राफिक ड्रायव्हर चालू होऊ न देणारा शब्द टाकलेला ते तसंच राहिलेलं, ते काढून ग्रब अपडेट केलं, रीस्टार्ट मारला, पळाला.

नावं बरोबर असून पण हळू असेल तर रेंडरिंग रिझोल्युशन १ एक्सवर आणा. पीएसपीची स्क्रीन ४८० बाय २७२ एवढीच, ४ एक्स केलं की चौपट नाही १६ पट पिक्सेल काढायचे असतात. स्पीड वाढला तर जीपीयू दमतोय, फरकच नाही पडला तर सीपीयूकडे बघा.

वल्कन लावा वल्कन लावा सगळे सांगतात (वल्कन, डायरेक्ट थ्रीडी, ओपनजीएल या जीपीयूकडून चित्र काढून घ्यायच्या वेगवेगळ्या पद्धती), पण माझ्या पिढीच्या इंटेलला विंडोजवर वल्कनचा ड्रायव्हरच नाही, तिथे डायरेक्ट थ्रीडी ११ लावलंय, लिनक्सवर आहे पण अर्धवट म्हणून ओपनजीएल. धुळ्याच्या आतेभावाच्या मॅकवर उलटं, अॅपलने २०१८ लाच ओपनजीएल जुनं ठरवून सोडून दिलं, तिथे वल्कनच बरं, ते पण मोल्टनव्हीके नावाचं सॉफ्टवेअर मधे बसून अॅपलच्या स्वतःच्या मेटल पद्धतीत बदलून देतं तेव्हा चालतं.

आणि भुसावळवाल्यांनो, थोडा वेळ मस्त चालून मग स्पीड पडत असेल तर सेटिंग उचकू नका, मे महिन्यात ४५ डिग्रीत प्रोसेसर तापून स्वतःच स्पीड कमी करतो. लॅपटॉप खालून उचलून ठेवा, कुलरच्या तोंडासमोर मात्र नको, ओली हवा असते. लाईट गेल्यावर बॅटरीवर पण स्पीड पडतो, तो पॉवर सेव्हिंगचा प्रकार.

अर्धा स्टार कापला कारण सॉफ्टवेअर रेंडरिंगची टिक ग्राफिक्सच्या यादीतच बाकीच्या सेटिंगसोबत पडलेली आहे, घरातल्या पोरांनी चुकून लावली की पुन्हा बैलगाडी.