साताऱ्यात वाचनालय लावायचंय: घरातल्या कोणासाठी कुठलं?

सुट्टी जवळ आली की ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न येतो: वाचनालय लावायचंय, कुठलं लावू? साताऱ्यात राजवाड्याचं नगर वाचनालय आहे, शासनाचं जिल्हा ग्रंथालय आहे. उपनगरांत आणि आसपासच्या गावांत छोटी वाचनालयं आहेत, पाचगणीच्या पुढे पुस्तकांचं गाव भिलार आहे, आणि मोबाईलवर तर पैसा न देता वाचता येईल असं पुष्कळ काही आहे. माझं मत आधीच सांगते. सगळ्या घरासाठी मिळून एकच ठिकाण शोधू नका. आठ वर्षांच्या नातवाला, एमपीएससी करणाऱ्या लेकीला आणि निवृत्त आजोबांना जे हवं असतं, ते एका ठिकाणी क्वचितच मिळतं. शिवाय यातलं बरंचसं फुकट असल्यामुळे दोन-तीन ठिकाणी पाय ठेवायला खिशाची अडचण येत नाही.

पैशाचं मात्र आधी नीट समजून घ्यावं, कारण तिथेच लोकांचा घोटाळा होतो. वाचनालयात बसून वर्तमानपत्रं आणि मासिकं वाचायला सहसा पैसे पडत नाहीत. व्याख्यानं, ग्रंथप्रदर्शनं, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, हे कार्यक्रम सगळ्यांना खुले असतात. पैसे लागतात ते पुस्तक घरी न्यायला. त्यासाठी अनामत भरायची आणि बहुतेक ठिकाणी महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी. सभासदत्व सोडताना अनामत परत मिळते, म्हणून तिची पावती जपून ठेवा.

ही वर्गणी का, असं कोणी विचारलं तर त्याचं कारण कायद्यात आहे. मद्रास प्रांताने 1948 मध्ये ग्रंथालय कायदा केला आणि मालमत्ता करावर ग्रंथालयांसाठी अधिभार लावला. आपल्या 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमात असा कर नाही. आपल्याकडे वाचनालय चालवते एखादी संस्था. शासन त्याला अ, ब, क किंवा ड वर्ग देऊन वर्गाप्रमाणे अनुदान देतं, आणि उरलेला खर्च संस्थेला वर्गणी, देणग्या आणि सभागृहाच्या भाड्यातून भागवावा लागतो. शासनाने स्वतः चालवलेलं ग्रंथालय सहसा जिल्ह्याच्या ठिकाणीच असतं. त्यामुळे वर्गणी मागणारं वाचनालय लोभी नसतं. त्याचा दिवा तिच्यावरच जळतो.

मुलांसाठी

इथे मी सगळ्यात जास्त अडून बसेन. बारा वर्षांच्या आतल्या मुलासाठी निवड करताना पुस्तकांची संख्या बघू नका, दोनच गोष्टी बघा. मूल तिथे चालत जाऊ शकतं का? आणि त्याला कपाटाला हात लावू देतात का?

दुसरी गोष्ट तुम्ही एका फेरीत तपासू शकता. काही वाचनालयांत पुस्तकं काचेच्या कपाटात कुलूपबंद असतात. मुलाने देवघेवीच्या टेबलापाशी जाऊन नाव सांगायचं, मग आतून पुस्तक येणार. सात वर्षांच्या मुलाला पुस्तकाचं नाव माहीत नसतं. ते ‘कुठलं पण’ म्हणतं, मिळेल ते घेऊन घरी येतं आणि आठवड्याने न वाचताच परत करतं. याउलट जिथे बालविभागाची मांडणी मुलाच्या छातीइतक्या उंचीवर आणि उघडी आहे, तिथे काय होतं ते बघा. मूल खाली फरशीवर बसतं. एक काढतं, चित्रं बघतं, उलटं सरकवतं. दुसरं काढतं. पाच-सहा पुस्तकं आडवीतिडवी पडतात आणि मग एकावर ते थांबतं. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी शिक्क्यांनी भरलेली असली, तर समजा की गल्लीतल्या इतर मुलांनीही ते नेलेलं आहे. असं वाचनालय पोरांची पसारा करण्याची मुभा मान्य करतं, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

म्हणून करंज्यात किंवा गोडोलीत राहणाऱ्या घराने जवळ उघड्या मांडणीचं छोटं वाचनालय असेल तर मुलासाठी तेच धरावं, तिथली पुस्तकं थोडी का असेनात. रविवारी राजवाड्यावर जाणं होणारच असेल तर नगर वाचनालय त्याला जोड म्हणून ठेवावं. पेठांत राहणाऱ्यांचा प्रश्नच नाही, त्यांना नगर वाचनालयच जवळ.

भिलारबद्दल मला नेहमी विचारतात, कारण ते आपल्याच जिल्ह्यात आहे आणि देशभर नाव झालं आहे. 4 मे 2017 रोजी राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने ते पुस्तकांचं गाव झालं. सुरुवातीला 25 ठिकाणी, म्हणजे घरांत, लॉजमध्ये, शाळेत, देवळात पुस्तकं मांडली गेली. एका घरात कविता, दुसऱ्यात चरित्रं, तिसऱ्यात बालसाहित्य अशी विषयवार विभागणी आहे. कोणीही जाऊन बसून वाचावं, पैसे नाहीत. पण पुस्तक तिथेच वाचायचं, घरी आणायचं नाही, आणि साताऱ्याहून ते साधारण 50 किलोमीटरवर आहे. तेव्हा मुलाला वाचनाची सवय लावायला भिलार उपयोगाचं नाही, वाचनाचा उत्सव दाखवायला मात्र त्याच्यासारखं दुसरं ठिकाण नाही. अनोळखी माणसाच्या ओसरीवर बसून आपलं मूल पुस्तक वाचतंय आणि घरातली माणसं आपापल्या कामात आहेत, हे एकदा तरी अनुभवावं. महाबळेश्वरला जाताना तासभर काढू नका, अख्खा दिवस द्या.

आता मोबाईल. बालभारतीने ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे अंक संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. आईवडिलांनी स्वतःच्या लहानपणीचा एखादा अंक शोधून मुलाबरोबर वाचावा, फार मजा येते. केंद्र सरकारचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय ॲपही मोफत आहे आणि त्यात वयोगटाप्रमाणे पुस्तकं लावलेली आहेत. पण आठ वर्षांच्या मुलाच्या हातात वाचनासाठी म्हणून मोबाईल दिला की दहा मिनिटांनी त्यावर काय चालू असतं हे सगळ्या घरांना ठाऊक आहे. मोठ्या माणसाने शेजारी बसून वाचायचं असेल तरच हा पर्याय धरा.

स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी

साताऱ्यात खासगी अभ्यासिका आता गल्लोगल्ली आहेत. खुर्ची, प्लग, वायफाय आणि रात्री उशिरापर्यंत उघडं दार, याचे त्या दर महिन्याला पैसे घेतात. सार्वजनिक ग्रंथालयात रात्रीची सोय सहसा नसते आणि साप्ताहिक सुट्टी असते. फक्त बसायला जागा हवी असेल आणि घरी अजिबात शांतता नसेल, तर अभ्यासिकेचे पैसे वाया जात नाहीत.

पण तयारीचे पहिले सहा महिने-वर्षभर माझ्या मते जिल्हा ग्रंथालय किंवा नगर वाचनालयच बरं. अभ्यासिकेत मुलं स्वतःच्या गाइडांत डोकं घालून बसतात. ग्रंथालयात चार-पाच वर्तमानपत्रं, ‘योजना’, ‘लोकराज्य’ आणि मूळ संदर्भग्रंथ हाताशी असतात. संदर्भ विभागातली पुस्तकं घरी देत नाहीत, तेव्हा वही घेऊन जा. राज्याचा भूगोल, समाजसुधारक, सहकार या विषयांवर मराठी विश्वकोशातल्या नोंदी वाचल्या की गाइडातली दोन ओळींची माहिती किती अपुरी आहे ते कळतं. या विश्वकोशाचं काम आपल्या वाईतून चाललं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते, आणि त्याचे 20 खंड आज संकेतस्थळावरही मोफत वाचता येतात. 1885 चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, तोही एकदा चाळावा. परीक्षेला नसेल कदाचित, पण मुलाखतीत ‘तुमच्या जिल्ह्याबद्दल सांगा’ म्हटल्यावर नुसतं कंदी पेढे आणि कास पठार सांगून भागत नाही.

थोडक्यात, सकाळी ग्रंथालय आणि परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली की अभ्यासिका. वर्षभर दोन्हीकडे पैसे गुंतवू नका.

आजी-आजोबांसाठी

यांच्यासाठी पुस्तकांआधी जिना बघा. वाचन कक्ष वरच्या मजल्यावर असेल, स्वच्छतागृह लांब असेल, तर कितीही मोठं वाचनालय असो, महिन्याभरात जाणं बंद होतं. सकाळच्या वेळी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती जमणारी चार समवयस्क माणसं हा त्यांचा खरा लाभ, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

व्याख्यानांच्या बाबतीत नगर वाचनालयाला तोड नाही. तिथल्या पाठक हॉलमध्ये वर्षभर व्याख्यानं आणि पुस्तक प्रकाशनं चाललेली असतात, बहुतेक संध्याकाळी आणि बहुतेक खुली. दारावरचा फलक येता-जाता वाचत राहावं. वाईला मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला असते. तिने शंभरी केव्हाच ओलांडली आहे. वाईत कोणी नातेवाईक असतील तर आजोबांनी दोन-चार दिवस तिथेच मुक्काम ठोकावा. रात्रीच्या परतीच्या एसटीची धावपळ या वयात नको.

ज्यांची नजर अधू झाली आहे किंवा जे दृष्टिहीन आहेत, त्यांच्यासाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या या ऑनलाइन ग्रंथालयात छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी वेगवेगळ्या भाषांतली पुस्तकं आहेत, तीही विनामूल्य. घरातल्या तरुणाने बसून नोंदणी करून द्यावी, ते काम आजोबांवर सोडू नये.

गावात राहणाऱ्यांसाठी

जावळी, पाटण, माण, खटावमधल्या गावांना वरच्या चर्चेतलं बरंच काही लांबचं वाटेल. तिथे बहुधा ड, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाचं एखादं वाचनालय असतं, ग्रामपंचायतीशेजारी एका खोलीत, दिवसातून थोडाच वेळ उघडं. अनुदान तुटपुंजं, त्यामुळे ग्रंथपालाचं मानधनही तुटपुंजं, आणि तो शेती किंवा दुकान सांभाळून कुलूप उघडतो. दार बंद दिसलं म्हणून नाराज होण्याआधी त्याला वेळ विचारा. गावातल्या पंधरा-वीस घरांनी नाव नोंदवलं आणि नियमित पुस्तकं नेली, तर नवी पुस्तकं कोणती घ्यायची यावर त्यांचं म्हणणं चालतं. कोणत्याही मोठ्या वाचनालयात सभासदाला एवढं वजन मिळत नाही. गावातल्या घराने म्हणून आधी हेच लावावं आणि जे तिथे मिळत नाही ते मोबाईलवर वाचावं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. एकदा उतरवली की रेंज गेली तरी वाचता येतात, आणि पाटणच्या डोंगरात ही सोय छोटी नाही.

मुलांची नावं मात्र एप्रिलमध्येच नोंदवा. परीक्षा संपल्या की देवघेवीच्या टेबलापुढे गर्दी होते आणि बालविभागातली चांगली पुस्तकं पहिल्या आठवड्यातच बाहेर जातात. जाताना पत्त्याचा पुरावा आणि दोन फोटो बरोबर ठेवा, आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.