सापाला पाय होते: क्रम्ब यांच्या सचित्र ‘उत्पत्ती’बरोबर आठ महिने

रॉबर्ट क्रम्ब या अमेरिकन चित्रकाराने बायबलमधील ‘उत्पत्ती’ हे पहिले पुस्तक, सगळेच्या सगळे 50 अध्याय, कॉमिकच्या रूपात काढले आणि ते 2009 मध्ये प्रसिद्ध झाले, हे या विषयात रस असणाऱ्यांना ठाऊकच असेल. मी ते गेल्या जुलैत घेतले. आज लिहायला बसण्याचे कारण एवढेच की, विक्रेत्याशी चाललेला माझा पत्रव्यवहार गेल्या आठवड्यात एकदाचा संपला.

एवढे वजनदार, पुठ्ठाबांधणीचे पुस्तक त्यांनी भर पावसाळ्यात साध्या कागदी पाकिटातून पाठवले होते. खालचा कोपरा भिजून पाने फुगली होती, त्यांचे फोटो मी त्याच दिवशी पाठवले, तर वेष्टन फोडलेले असल्यामुळे पुस्तक परत घेता येणार नाही, असे उत्तर आले. वेष्टन न फोडता आतली पाने भिजली आहेत हे गिऱ्हाइकाने कसे ओळखावे, या माझ्या प्रश्नाला उत्तर अखेरपर्यंत मिळाले नाही; अकरा ईमेलनंतर 250 रुपये तेवढे मिळाले. पुस्तक 2,400 रुपयांचे होते.

दुसरी तक्रारही त्यांच्याविषयीचीच आहे. त्यांनी हे पुस्तक ‘फँटसी-साहस’ या विभागात ठेवले होते आणि आठवीतल्या भाच्याला वाढदिवसाची भेट म्हणून मी ते त्या भरवशावर मागवले. प्रत्यक्षात मुखपृष्ठावरच, अल्पवयीनांनी हे मोठ्यांच्या देखरेखीखाली पाहावे, अशी सूचना छापलेली आहे आणि ती शोभेसाठी नाही, कारण लोट या बापाला मद्य पाजून त्याच्या मुली त्याच्याशी संग करतात, असे मूळ ग्रंथात जे लिहिले आहे ते येथे चित्रातही आहे. भाच्याला क्रिकेटची बॅट दिली आणि पुस्तक माझ्याकडे राहिले.

पहिले दोन महिने मी या पुस्तकावर नाराजच होतो. क्रम्ब म्हणजे 1968 मध्ये ‘झॅप कॉमिक्स’ हे मोठ्यांसाठीचे बंडखोर कॉमिक काढून सभ्य अमेरिकेची झोप उडवणारा माणूस. त्याच्याकडून काहीतरी तिरकस मिळेल अशी माझी अपेक्षा होती. प्रस्तावनेत तो स्वच्छ सांगतो की, हा ग्रंथ देवाचा शब्द आहे असे तो मानत नाही, तो माणसांचाच शब्द आहे असे मानतो; पण थट्टा करण्याचा त्याचा हेतू नाही, दिलेल्या मजकुराची सरळ चित्रे काढण्याचे काम म्हणूनच त्याने याकडे पाहिले. देव म्हणजे पायघोळ झग्यातला, छातीच्या खाली रुळणाऱ्या पांढऱ्या दाढीचा म्हातारा. कॅलेंडरवरही असाच देव मिळतो आणि तो किराणा दुकानदार फुकट देतो, असे मी तेव्हा एका मित्राला म्हणालो होतो.

ते मत मला मागे घ्यावे लागले, आणि त्याला कारण झाला तिसऱ्या अध्यायातला साप. क्रम्बने तो सरड्यासारखा, हातपाय असलेला आणि माणसासारखा उभा राहून हव्वेशी, म्हणजे पहिल्या स्त्रीशी, बोलणारा काढला आहे. पहिल्या वेळी मला वाटले, हा चित्रकाराचा आगाऊपणा. मग मराठी बायबल काढून पाहिले, तर सापाच्या सांगण्यावरून मनाई असलेले फळ तिने खाल्ल्यानंतर देव सापाला शाप देतो तो असा, की तू यापुढे पोटावर सरपटशील. शाप सरपटण्याचा असेल, तर त्याआधी तो चालत असला पाहिजे. हे वाक्य मी आयुष्यात निदान पाच-सहा वेळा वाचले असेल आणि तरीही माझ्या डोळ्यांपुढचा साप पहिल्यापासून झाडाला वेटोळे घालूनच बसलेला होता. मजकूर वाचताना आपण डुलकी काढू शकतो, चित्र काढणाऱ्याला ती सोय नाही.

त्यानंतर मी मराठी बायबल शेजारी ठेवूनच हे पुस्तक वाचले. पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी, वनस्पती तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी; तेथे पशू आधी आणि मग नर व नारी एकदमच. दुसऱ्या अध्यायात मातीचा माणूस आधी, त्याच्या नाकपुड्यांत फुंकलेला श्वास, मग बाग, मग नावे ठेवून घेण्यासाठी त्याच्यापुढे आणलेले पशू आणि सर्वांत शेवटी बरगडीतून स्त्री. या दोन वेगळ्या कथा आहेत हे अभ्यासक फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. पण येथे त्या पाठोपाठच्या पानांवर काढलेल्या असल्यामुळे त्यांच्यातला सांधा कोणालाही बोटाने दाखवता येतो. क्रम्ब तो झाकत नाही आणि समजावूनही देत नाही.

या ठिकाणी मला मराठीत लिहिणारे इंग्रज धर्मोपदेशक फादर स्टीफन्स आठवले. गोव्यात साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी हीच कथा मराठी ओव्यांत सांगितली आणि 1616 मध्ये राचोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. त्या पुराणात श्रोते शंका विचारतात आणि सांगणारा तिचे निरसन करतो. क्रम्बच्या पानावर निरसन करणारा कोणी नाही; शेवटी काही टिपा आहेत, पण त्यांत बायबलमधील स्त्रियांच्या अधिकाराविषयीची त्याची आवडती मतेच अधिक आहेत. मला स्वतःला पुराणिकबुवा बरा वाटतो, हे येथे कबूल करतो.

वंशावळ्यांविषयी मात्र माझे मत पूर्णपणे पालटले. अमक्याला तमका झाला, तो इतकी वर्षे जगला आणि मेला, ही पाने वाचणारा माणूस मी पाहिलेला नाही. क्रम्बने यातल्या नावांना टपाल तिकिटाएवढ्या चौकटींत चेहरे दिले आहेत. 969 वर्षे जगलेला मथुशलह, 777 वर्षांचा लामेख. कोणी वैतागलेला, कोणी दमलेला, आणि एकाच्या चेहऱ्यावर तर आमच्या सोसायटीच्या माजी सचिवांचा भाव आहे. या पानांसाठी मी आता भिंग जवळ ठेवतो.

भिंग लागण्याचे खरे कारण मात्र अक्षरे आहेत. सगळा मजकूर हाताने, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, एकसारख्या उंचीने लिहिलेला आहे, आणि भोवती रेघांचे इतके दाट जाळे आहे की, चाळिशीचा चष्मा लावूनही दहा पानांनंतर ओळी एकमेकींत मिसळू लागतात. ट्यूबलाइटखाली वाचूच नये; सकाळी खिडकीशी बसून वाचावे, तेही एका बैठकीत एकच अध्याय.

फुगलेली पाने सपाट व्हावीत म्हणून पुस्तकावर मोल्सवर्थचा शब्दकोश आणि त्यावर दोन जुने दिवाळी अंक ठेवले आहेत. थोडा फरक पडला आहे. नेमकी सापाची पानेच अजून वर उचललेली राहतात.